एकोणपन्नास पुरुषांना कोणी विचारलं नाही

गेले काही दिवस जीनेट रँकिन डोक्यातून जातच नाहीये. अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेली पहिली बाई, माँटाना राज्यातून, १९१६ साली, म्हणजे तेव्हा तिथल्या बहुतेक राज्यांत बायकांना पूर्ण मताधिकारसुद्धा नव्हता. माँटानात तो १९१४ ला मिळाला, तोही हिच्यासारख्या बायका गावोगाव फिरल्या म्हणून.

२ एप्रिल १९१७ ला हिची शपथ झाली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन जर्मनीविरुद्ध पहिल्या महायुद्धात उतरायची मागणी घेऊन सभागृहात आले! चार दिवसांनी पहाटे तीनच्या सुमारास मतदान, पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा ही गप्प बसली, दुसऱ्यांदा पुकारल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, मला माझ्या देशाच्या बाजूने उभं राहायचंय पण मी युद्धाला मत देऊ शकत नाही. निकाल ३७३ विरुद्ध ५०. म्हणजे तिच्यासोबत एकोणपन्नास पुरुषांनीही विरोध केला होता, पण पेपरात चर्चा कसली तर बाई रडली का. ला गार्डिया नावाच्या खासदाराला हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला कुठून दिसणार. हे वाचून मला खरंच भरून आलं, कारण तो स्वतः युद्धाच्या बाजूने मत देणारा होता.

जानेवारी १९१८ मध्ये बायकांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवर चर्चेला तिनेच सुरुवात केली, ती दुरुस्ती तिच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, पासही झाली पण काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये अडकली. शेवटी १९१९ ला दोन्हीकडे मंजूर झाली तेव्हा ही सभागृहात नव्हती, सिनेटसाठी उभी राहून हरली होती. मला हे फार लागतं.

मग १९४० ला परत निवडून आली. ८ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ मतं आणि विरोधात एकच, हिचं. मत बदल म्हणून सहकारी विनवत होते तरी ती हलली नाही. बाहेर पडली तर लोक इतके खवळलेले की तिला एका टेलिफोन बूथमध्ये शिरून दार लावून घ्यावं लागलं आणि तिथून पोलिसांनी तिला ऑफिसात पोचवलं. एकसष्ट वर्षांची बाई त्या काचेच्या खोक्यात उभी, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. ती बरोबर होती का? जपानने हल्ला केल्यावर लढायचं नाही हे मला तरी पटत नाही, पण एकटीने हात वर करायला काय लागतं ते कळतं.

पुढे ती आपल्याकडे भारतात सात वेळा येऊन गेली, गांधीजींच्या विचारांच्या ओढीने. आणि जानेवारी १९६८ मध्ये, वय ८७, ती वॉशिंग्टनच्या थंडीत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांना घेऊन मोर्चात पुढे चालत होती.