माडीवरचं वायफाय: जुन्या राउटरची नोंदवही

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात जे जे उचलता येईल ते माडीवर गेलं. पाणी ओसरल्यावर भांडी, गाद्या, देव खाली आले. वायरींचं एक बोचकं मात्र पोटमाळ्यावर तसंच राहिलं. गेल्या महिन्यात ते सोडलं, तर आत टीपी-लिंकचा राउटर, मॉडेल डब्ल्यूआर८४१एन, व्हर्जन ९. धुळीने पांढऱ्याचा राखाडी झालेला, पण ॲडॉप्टर लावल्याबरोबर दिवे लागले.

ॲडॉप्टरबद्दल आधीच सांगतो. याला ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर लागतो. बोचक्यात १२ व्होल्टचाही एक होता आणि पिन दोघांची सारखीच. लावायच्या आधी खालची चिठ्ठी वाचा.

घरातली अडचण जुनीच. फायबरचं ओएनटी (बाहेरून येणारं इंटरनेट घेऊन खालचं वायफाय देणारा डबा) सोप्यात, भिंती माती-विटांच्या, हातभर जाड. माडीवर सिग्नलची एक दांडी दिसते, तीही पाहुण्यासारखी. काकू लेकीला व्हिडिओ कॉल लावतात तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून, कारण तिथून वर गेलं की चित्र गोठतं.

पहिला विचार अर्थातच ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर, टाकायचा. पण या मॉडेलमध्ये फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. अशा डब्यांसाठी त्याचे अधिकृत बिल्ड (तयार आवृत्त्या) १९.०७ मालिकेनंतर बंद झाले. जुनं बिल्ड बसवता येईल, पण त्यात वर काही घालायला जागा उरत नाही. मला हवं होतं फक्त ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेलं इंटरनेट वायफायने पुढे देणारा डबा, आणि ते काम कंपनीचं मूळ फर्मवेअरही (आतलं सॉफ्टवेअर) करतं. खाज होती, पण आवरली. रिपीटरचा मार्गही सोडला. एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्यानेच पुढे सांगायचं म्हटलं की वेग निम्म्यावर येतो, आणि आमच्या जिन्यात निम्मं करण्याइतकंही काही उरत नाही. म्हणजे केबल ओढायचीच.

सेटिंग अर्ध्या तासाचं. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१, म्हणून याचा लॅन (घरातल्या जाळ्यातला) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. ओएनटीचं डीएचसीपी (जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारी सोय) २ पासूनच वाटप करत होतं, ते २० पासून सुरू केलं, नाहीतर कधीतरी एखाद्या मोबाईलला राउटरचाच पत्ता मिळायचा. मग याच्यावरचं डीएचसीपी बंद. नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच, चॅनल वेगळा: खाली १, वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा ठेवली तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर चढतच नाही, हे बरेच जण विसरतात. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद केलं, ॲडमिनचा पासवर्ड बदलला. ओएनटीकडून येणारी केबल लॅनच्या पोर्टात, निळं वॅन (बाहेरच्या इंटरनेटचं) पोर्ट रिकामं.

खरी मजा केबलने केली.

सोप्यातून माजघराच्या कडीपाटाला धरून, मागच्या भिंतीने वर, अशी २२ मीटर कॅट-५ई नेटवर्क केबल ओढली. दोन्ही टोकांना कनेक्टर मीच क्रिंप केले. टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागले. मी खूश. वर मोबाईल जोडला, व्हॉट्सॲपचे मेसेज आले. व्हिडिओ लावला की मात्र चाक फिरत बसायचं. पुतणी म्हणाली, ‘काका, आधीचंच बरं होतं.’

दोन संध्याकाळी मी राउटरलाच दोष देत होतो. पाच वर्षं पोटमाळ्यावर उन्हाळे काढलेत, कपॅसिटर गेला असेल, वगैरे. मग लॅपटॉप तारेने जोडून पिंग लावलं, म्हणजे चाचणीची पॅकेटं पाठवून किती परत येतात ते बघितलं. साधं छोटं पिंग शंभरातलं एखादंच चुकत होतं. १४७२ बाइटचं लावलं तर तिसरं-चौथं गायब. पॅकेट जितकं लांब तितकं ते वाटेत बिघडण्याची शक्यता जास्त, म्हणजे दुखणं तारेत. कनेक्टर उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला. मी रंग जोडीजोडीने ओळीत लावले होते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा... दिसायला एकदम शिस्तीत, आणि साफ चूक.

१०० एमबीपीएसच्या जोडणीत चारच तारा कामाच्या: १-२ ही एक जोडी, ३-६ ही दुसरी. माझ्या केबलमध्ये ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा, म्हणजे एकमेकींना पीळ नसलेल्या दोन तारा. पिळामुळे शेजारच्या जोडीचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि वजा होऊन जातो. पीळच नाही तर तो सगळा सिग्नलमध्ये शिरतो. टेस्टर बिचारा १ ला १ आणि २ ला २ जोडलंय का एवढंच बघतो. कोण कोणाशी पिळलंय हे त्याला कळत नाही, आणि दोन्ही टोकांना मी तीच चूक इमानदारीत केली होती.

दोन्ही कनेक्टर कापले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मोठं पिंग हजारात एकही चुकलं नाही. वेग मोजणाऱ्या आयपर्फने तारेवर ९४ एमबीपीएस दाखवले, १०० च्या पोर्टातून याहून जास्त निघत नाहीत. वायफायवर माडीच्या खिडकीपाशी साठ-पासष्ट. आमचा प्लॅनच १०० चा, त्यामुळे तक्रार नाही.

एक गोष्ट अजून खटकते. खालून वर गेलं तरी मोबाईल खालच्याच सिग्नलला चिकटून राहतो. ओएनटीची ट्रान्समिट पॉवर ‘मीडियम’वर आणल्यापासून जिन्यातच उडी मारतो, पण माझा जुना फोन अजून हट्टी आहे. त्याला वायफाय बंद-चालू करून समजवावं लागतं.

परवा माडी झाडताना काकांनी राउटर पुसला आणि केबल परत लावली ती निळ्या पोर्टात, ‘रंगीत आहे म्हणजे मुख्य असणार’ म्हणून. माडीवरच्या एकाही फोनला आयपी मिळेना. आता त्या पोर्टावर चिकटपट्टी लावून वर मार्करने लिहिलंय: ‘काका, इथे नाही.’ काकू अजूनही तिसऱ्या पायरीवरच बसून बोलतात. तिथे वारा चांगला लागतो म्हणे.