आमची वाटचाल : चूल बसवण्याआधी घर पाहतो

आर्वी तालुक्यातलं आमचं वर्कशॉप मूळचं लोहारकामाचं. वडील वखर, डवरे, विळे करायचे. ट्रॅक्टर वाढले तसं ते काम आटलं. भावानं वेल्डिंग मशीन घेतल्यावर गेट-ग्रिलसोबत लोखंडी चुलीही करायला लागलो. आमच्या वर्धा जिल्ह्याला हा विषय नवा नाही. वर्ध्यातल्या मगनवाडी या ग्रामोद्योग केंद्रात 1940च्या दशकातच धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली होती.

2016 साली उज्ज्वला योजना आली तेव्हा “आता चूल कोन घेईन?” असं जो तो विचारायचा. गॅस घरोघरी आला हे चांगलंच झालं, माझ्याही घरी चहा आणि वरण-भात गॅसवरच होतो. पण आंघोळीचं पाणी, जवारीची भाकर आणि पाहुण्यांसाठी चढणारा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरच राहिला. सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, आणि कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, शेतात फुकट उभी असते.

खरी बदलली ती घरं. कवेलूच्या घरात डोळे झोंबायचे, पण फटींतून धूर वर निघून जायचा. आता तिथं घरकुल आहे. घरकुल योजनेच्या नियमानं ते किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे 269 चौरस फुटांचं. विटांच्या भिंती, वर बहुतेक स्लॅब, लहानशा खिडक्या. नियमात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, पण धुराड्यासाठी भोक सोडलेलं आमच्या भागात क्वचितच दिसतं. अशा खोलीत जुनी चूल पेटली की धूर आतच कोंडतो. त्याहून मोठी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही, आणि लाकूड नुसतं धुमसत असलं की तो जास्त होतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. थंडीत दार लावून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवू नका, हे आम्ही प्रत्येक घरी बजावतो, मग त्यांनी आमची चूल घेवो की न घेवो.

म्हणून नुसती चूल उचलून गाडीत टाकून देणं आम्ही बंद केलं. आधी घर पाहायचं आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईशी बोलायचं. घरचा माणूस कोपरा दाखवतो, “इथं ठेवा भाऊ, अडचण नाही होत.” मग आतून काकू म्हणतात, “तिथं भाकर थापाले हात तरी हालते काय?” बहुतेक वेळा काकूंचंच बरोबर निघतं. कोपऱ्यात हवा कमी मिळते, आणि पाइप न्यायला दोन-दोन वळणं घ्यावी लागतात.

पाइपच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाचं ऐकत नाही. तो जितका सरळ आणि उंच, तितकी धुराची ओढ चांगली. काटकोनी वळण आम्ही देत नाही, गरज पडली तर तिरकं देतो. छपरातून निघतो तिथून वर तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत काही उंच असेल तर त्याच्याही वर दोन फूट. कमी ठेवला की वारा फिरला त्या दिवशी धूर उलटा घरात येतो. एकेरी पत्र्याच्या पाइपपासून दीड फुटाच्या आत जळणारं काही नको. तट्ट्याच्या, म्हणजे विणलेल्या बांबूच्या भिंतीतून पाइप न्यायचा असेल तर भोक चांगलं मोठं कापून, भोवती पत्रा लावूनच नेतो. सिमेंटचे जुने अॅस्बेस्टॉस पाइप स्वस्तात मिळतात, ते आम्ही बसवत नाही. कापताना त्यांची धूळ फुप्फुसात जाते. गॅल्वनाइज्ड पाइपही चुलीला लागून नको, कारण तापल्यावर जस्ताचा धूर निघू शकतो.

बसवून झालं की दार-खिडक्या लावून कागद पेटवून पाहतो. एका घरी धूर काही केल्या पाइपात जाईना. एक्झॉस्ट फॅन चालू होता आणि तोच धूर खोलीत ओढत होता! फॅन लावलेला असेल तर चूल पेटली असताना तो बंद ठेवा आणि खालच्या बाजूनं हवा आत येऊ द्या.

जळणाबद्दलही बोलतो. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मंही पाणी असू शकतं. ते आधी उकळतं, मग लाकूड जळतं, आणि पाइपात डांबरासारखी काजळी धरते. तीच पुढे पेट घेते. तुराटी-पऱ्हाटी भडकन जळते, म्हणून थोडी थोडी घालावी. बाभळीचे निखारे टिकतात. पऱ्हाटीची गंजी शेताजवळ लावू नये, असं कृषी विभाग सांगतो, कारण किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबून राहते. घराला टेकून लावली तर आगीची भीती वेगळीच. पॉलिथिन, टायर किंवा रंगवलेलं प्लायवूड चुलीत घालू नका, पेटवण्यापुरतंही नाही.

आता दरवर्षी पेरणीच्या आधी माझा मुलगा बसवलेल्या चुली पाहायला गावोगाव फिरतो. पाइपची टोपी गंजली असेल तर बदलतो, कुंच्यानं काजळी काढतो, सांधे हलवून पाहतो. पहिल्या वर्षी त्याचे पैसे घेत नाही, आणि काकूंनाही कुंचा कसा चालवायचा ते दाखवून येतो.