ग्राम्फू ते काझा: स्क्रीनवर 78 टक्के, बॅटरी रिकामी

मनालीहून काझाला कॅम्परनं (राहण्याची सोय असलेल्या गाडीनं) निघणार असाल तर मुक्काम नंतर ठरवा. आधी इन्व्हर्टरची काळी (निगेटिव्ह) केबल कुठे बांधली आहे ते बघा. आमच्या गाडीत ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर होती. शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी निगेटिव्ह केबलमध्ये बसवायचा तुकडा, लावलेला होता, पण इन्व्हर्टरचा करंट त्यातून जातच नव्हता. शंटवरून बॅटरीचे टक्के सांगणारा मॉनिटर मोजत होता फक्त दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप. वाटेतल्या बातलला स्क्रीनवर 78 टक्के दिसत असताना इन्व्हर्टर बीप देऊन बंद पडला. फिटरनं मॉनिटरचे वेगळे पैसे घेऊन ‘टेस्ट करून दिलंय’ असं सांगितलं होतं. स्क्रीन उजळली म्हणजे टेस्ट झाली असं समजणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

खरी टेस्ट दोन मिनिटांची आहे. इन्व्हर्टरवर 1000 वॅटची किटली लावा. 12 व्होल्टच्या सिस्टीमवर मॉनिटरनं उणे (म्हणजे बॅटरीतून बाहेर जाणारे) 85 ते 95 अँपिअर दाखवायला हवेत. एक-दोनच दिसले तर शंट बायपास झालाय. बॅटरीच्या निगेटिव्हला एकच जाड केबल हवी, ती शंटच्या ‘बॅटरी’ बाजूला. इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, डीसी-डीसी चार्जर (इंजिनवरून ही बॅटरी भरणारा), चॅसिस अर्थ (गाडीच्या सांगाड्याची जोडणी), सगळं दुसऱ्या बाजूला. मॉनिटरच्या बारीक लाल वायरला बॅटरीजवळच 1 अँपिअरचा फ्यूज हवाच.

सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पॅनेलचं बटण बंद केलं म्हणजे जाड केबलमधली वीज गेली असं नाही, इन्व्हर्टर फक्त झोपतो. म्हणून पॉझिटिव्हला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आणि त्यापुढे डीसीचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) लावा. 1000 वॅटसाठी 125 अँपिअरचा फ्यूज आणि दीड मीटरपर्यंत 25 स्क्वेअर एमएमची केबल ठीक. लिथियमला क्लास टी (शॉर्ट सर्किटचा प्रचंड करंट तोडू शकणारा) फ्यूजच घ्या. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही, डीसीची ठिणगी तो विझवू शकत नाही. शेवटची केबल जोडताना इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमुळे मोठी ठिणगी उडते; आधी केबल आणि टर्मिनलच्या मध्ये 25 ते 50 ओहमचा 10 वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा.

आता रस्ता. ग्राम्फू (काझाकडे वळणारा फाटा) ते बातल हे सुमारे 50 किमी म्हणजे दगड, पाणी आणि हादरे. नाल्यांना दुपारी बर्फाचं पाणी चढतं, म्हणून सकाळीच पार व्हा. या पट्ट्यात नट ढिले होतात. शंटवरच्या लगाजवळची (लग म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी) हीट-श्रिंक, म्हणजे तापवून घट्ट बसवलेली प्लास्टिकची नळी, तपकिरी पडली असेल तर तिथे नक्की गरम होतंय. बहुतेक वेळा कारण एकच: लग आणि शंटच्या मध्ये वॉशर घातलेला असतो. लग थेट शंटच्या धातूला टेकला पाहिजे. त्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. छत्रू आणि बातलला थांबाल तेव्हा आयसोलेटर बंद करून पाना फिरवून बघा.

मॉनिटरची सेटिंग्ज बहुधा लेड-ॲसिडची येतात. एलएफपीसाठी (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी) खरी क्षमता भरा, चार्ज्ड व्होल्टेज 14.0 ते 14.2, टेल करंट (चार्ज संपत आल्यावर उरणारा करंट) 4 टक्के, प्युकर्ट (जास्त लोडवर क्षमता किती घटते त्याचा आकडा) 1.05, चार्ज एफिशियन्सी 99 टक्के. मनालीत मेन्सवर (घरगुती विजेवर) पूर्ण चार्ज करून मॉनिटर 100 टक्क्यांना सिंक होऊ द्या, मगच निघा. व्होल्टेजवरून टक्के सांगणारा स्वस्त मीटर एलएफपीला निरुपयोगी आहे: बहुतेक काळ व्होल्टेज 13च्या आसपासच अडकलेलं असतं.

रात्री इन्व्हर्टर पॅनेलवरून बंद करा. 15 वॅटचा रिकामा खर्च दहा तासांत 12 अँपिअर-तास खातो, आणि बातलला चार्जिंग मिळेल या भरवशावर राहू नका. सप्टेंबर सरताना पहाटे बॅटरीचं तापमान शून्याखाली असेल तर एलएफपी चार्ज करू नका, सेल कायमचे खराब होतात. इंजिन चालू करायचं, पण बॅटरीचं तापमान 5 अंशांवर जाईपर्यंत डीसी-डीसी चार्जर बंद.

लोसर गावापुढे काझापर्यंत रस्ता त्या मानाने बरा आहे.