सेकंड हँड इलेक्ट्रिक गाडी अन् पुण्याचा ओटीपी

परवा परळीत चहाला थांबलो तर एक वयस्कर बप्पा माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरभोवती दोन चकरा मारून आले, हिरवी नंबरप्लेट बघितली अन् तेच तीन प्रश्न. किती देती? पाण्यात चालती का? अन् बॅटरी बदलायला किती लागतेत? पहिल्या दोनाची उत्तरं मी आता झोपेत पण देतो, तिसरं विचारलं की मात्र चहा कडू लागायलाय. म्हणलं एकदा लिहूनच टाकावं, कुणी घ्यायच्या नादात असंल तर कामाला येईल.

माझं रोजचं जाणं-येणं अंबाजोगाई ते परळी. परळीत एका डीलरकडं अकाउंटचं काम करतो. दोन्हीकडचं मिळून ५२ किलोमीटर पडतं, जुनी पेट्रोलची गाडी पन्नासच्या आसपास अॅव्हरेज द्यायची म्हणजे रोजचं एक लिटर, महिन्याला अडीच हजाराच्या वर निस्तं पेट्रोल. मग रात्री मोबाईलवर जाहिराती बघायचा नाद लागला. पुण्यातल्या एका आयटीवाल्या पोराची गाडी दिसली, ऑक्टोबर २०२१ ची, १९ हजार किलोमीटर पळालेली, ६२ हजाराला. नवीन घ्यायची तर दीड लाखाच्या घरात. कंपनीचं नाव सांगत नाही, उगं कशाला.

गेलो पुण्याला, त्यानं सोसायटीतच दोन किलोमीटर चालवून दाखवली, स्क्रीनवर १०० टक्के दिसले, मी खूश. आता आठवलं की माझंच मला हसू येतं. आमचे आबा बैल घ्यायला बाजारात गेले की दात बघायचे, खांद्यावरून हात फिरवायचे, औताला जुंपून चालवून बघायचे, तवा कुठं रुमालाखाली सौदा व्हायचा. अन् त्यांचा पोरगा ६२ हजार रुपये देऊन स्क्रीनवरचा आकडा बघून आला. स्क्रीनवरचे १०० म्हणजे जेवढी बॅटरी उरलीय तेवढ्याचे १००, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीची बॅटरी नवी होती तवा सव्वातीन युनिटची, युनिट म्हणजे तेच आपल्या लाईटबिलातलं. साडेतीन वर्षांनंतर त्यातली पावणेतीनच्या आसपास उरली असंल, हे मी नंतर वापरून वापरून काढलेलं गणित.

गाडी रिकाम्या जाणाऱ्या टेम्पोत टाकून आणली. कागदपत्राचं काम सोपं झालं, २९ अन् ३० नंबरचे फॉर्म भरले, इन्शुरन्स नावावर केला, आरसी माझ्या नावावर आली, नंबर तेवढा एमएच-१४ चाच राहिला. सरकारच्या लेखी मी मालक. पण ॲपच्या लेखी मालक पुण्यातच! ॲप त्याच्या मोबाईल नंबरला जोडलेलं, बदलायचं तर सर्व्हिस सेंटरला आरसी अन् दोघांची कागदं घेऊन या म्हणले, अन् सेंटर छत्रपती संभाजीनगरला, इथून सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे जाताना गाडी तीनदा चार्ज करायची अन् येताना तीनदा. राहिलंच ते. चावी हाय, रोजची चालती, पण काही एरर आला की रिसेट ॲपमधून, ॲप उघडायचं तर ओटीपी, अन् ओटीपी पडतो पुण्यात. पहिल्या महिन्यात त्या पोराला मी इतके फोन केले की बायको म्हणली, "अहो, सख्ख्या भावाला तरी करता का एवढे?"

आता घाटाची गोष्ट. अंबाजोगाई वर अन् परळी खाली, म्हणजे सकाळी उतार अन् संध्याकाळी चढ. पेट्रोलच्या गाडीवर दहा वर्षं गेलो-आलो, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता मला ह्या रस्त्याची चढउतार टक्क्यात पाठ हाय. सकाळी ३० टक्के लागतेत, संध्याकाळी ४५, समोरून वारा असला तर आणखी चार. उतारावर ब्रेक मारला की थोडं चार्जिंग परत येतं, जास्तीत जास्त एक-दोन टक्के, पण फुकटचे म्हणून त्याचा आनंद पगारापेक्षा जास्त.

डिसेंबरातली एक संध्याकाळ. अंधार पडलेला, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ओव्हरटेकला जागा नाही. स्क्रीनवर २८ टक्के होते, घरी आरामात जाईल म्हणून मी बिनधास्त. घाट संपायला आला अन् ट्रॉलीच्या पुढं काढायला जरा जोरात पिळली तर २८ चे डायरेक्ट ९ झाले, गाडी मेल्यासारखी २० च्या स्पीडवर आली अन् वर लाल एरर. ओटीपी घ्यावा तर पुणेकर मीटिंगमध्ये. चाळीस मिनिटं मी रस्त्याच्या कडंला उभा, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायलाय, "पेट्रोल संपलं का भाऊ?" काय सांगावं आता.

नंतर लातूरच्या एका बॅटरीवाल्यानं समजावून सांगितलं. बॅटरीत ढिगानं बारके सेल असतेत, सगळे एकासारखे म्हातारे होत नाहीत. एखादा गट अशक्त झाला की सपाट रस्त्यावर कळत नाही, चढावर जोर मागितला की त्याचं व्होल्टेज बसतं, अन् आतलं जे सर्किट असतं, बीएमएस, ते त्या एकासाठी सगळ्यांनाच थांबवतं. जोडीतला एक बैल खाली बसला की दुसरा कितीही तगडा असू द्या, औत जागेवरच. त्यानं इलाज सांगितला तो फुकटचा, रोज चार्जर ८० टक्क्यालाच काढतो तसं न करता चार-पाच रात्री पूर्ण १०० होऊ द्यायची अन् नंतर पण तासभर चार्जरवरच ठेवायची, सेल एकमेकाच्या बरोबरीला येतेत. केलं. पूर्ण बरी झाली नाही, पण आता २८ वरून घसरली तर २२ ला थांबती, ९ ला जात नाही. नव्या बॅटरीचं कोटेशन मागवलं होतं, ८५ हजार. त्या चहाला भेटलेल्या बप्पांना हाच आकडा सांगितला तर ते माझ्याकडं बघितले, गाडीकडं बघितले, अन् म्हणले, "म्हंजी चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला का?"

उन्हाळा हा वेगळाच विषय. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत गाडी दिवसभर दुकानापुढं, वरून चढ चढून घरी आली की बॅटरी इतकी तापलेली असती की चार्जर लावला तरी घेतच नाही. लिथियमला तापलेलं असताना फुल भरलेलं सोसत नाही, सगळ्यात लवकर त्यानंच ती म्हातारी होती. म्हणून रात्री अकराला लावायची, अन् लाईट नेमकी तवाच जाणार. एकदा आईनं काळजीनं माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट बॅटरीवर टाकलेलं मला दिसलं, जीव गेला माझा! आईचं पण चूक नाही म्हणा, २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाड्या पेटल्याचे व्हिडिओ तिनं बघितलेत. त्याच्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ पासून लागू झाले, माझी गाडी त्याच्या आधीची. तवापासून चार्जिंग ओट्यावर, घरात नाही.

पैशाचं पण खरं सांगतो. पेट्रोलचे अडीच हजार वाचले असं कुणी म्हणलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या घराचं बिल १०० युनिटच्या आत असायचं, साडेसातशेच्या आसपास. गाडीचे महिन्याला नव्वदेक युनिट वाढले की बिल पुढच्या स्लॅबात जातं अन् तिथला दर खालच्यापेक्षा बराच जास्त, आता बिल एकोणीसशेच्या पुढं-मागं. म्हणजे वाचतेत ते दीड हजाराच्या आतच. दुकानात प्लग लावावा म्हणलं तर शेठ म्हणले, "मोबाईल ठीक हाय, उद्या घरची चक्की पण आणशील." तरी ऑईल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लचवायर नाही, वर्षभरात ब्रेकपॅड अन् एक टायर, बास. एकदा चालूच होईना तवा आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणला, "हिला इंजनच न्हाई तर मी बघू काय?" पण त्यानंच शोधलं, साईडस्टँडच्या सेन्सरमध्ये चिखल बसला होता, गाडीला वाटायचं स्टँड अजून खालीच हाय. पन्नास रुपये.

परळीत थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या, चिमण्या दाखवून लोकं टोमणा मारतेत, तुझी गाडी कोळशावरच चालती की. बरोबरच हाय. पाण्यावाचून २०१५ ला हे थर्मल बंद पडलं होतं ते पण आम्ही बघितलंय. मी पर्यावरणासाठी घेतलीच नव्हती. पण सकाळी सातला घाट उतरताना आवाज येतो तो फक्त टायरचा अन् मोरांचा, हे मला घेताना माहीत नव्हतं. कुत्र्यांना मात्र अजून समजत नाही की ही कुठून आली, ती जागेवरून उठतच नाहीत.

मागच्या महिन्यात आईला दवाखान्यात ॲडमिट केलं, गाडी तीन दिवस ओट्यापाशीच. चौथ्या दिवशी पुण्याहून फोन. मी म्हणलं आता ह्याला काय झालं, मी तर ओटीपी मागितला नाही. तो म्हणला, "दादा, ॲपवर गाडी तीन दिवस एकाच जागी दिसतेय, सगळं ठीक आहे ना?" सांगितलं त्याला. दुसऱ्या दिवशी परत फोन, आई कशी आहे म्हणून.

ॲप नावावर करायचा फॉर्म मी भरून ठेवलाय, त्याची सही अन् आधारची झेरॉक्स तेवढी पाहिजे. पाठवतो म्हणला होता, अजून आली नाही. मी पण काही मागं लागलो नाही.