सहा फोटो, नुसतं पाणी

उजनी मायनसमध्ये गेली की आमच्या आईचे फोन वाढतात. धरणाचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या घरात आहे. त्यामुळं वापरायचं पाणी संपलं तरी खाली तळं उरतंच, आणि त्या शून्याखालच्या हिशोबाला आमच्याकडं सगळे ‘मायनस’ म्हणतात. २०२४ च्या मे महिन्यात आकडा मायनस पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला आणि पळसदेवचं जुनं देऊळ गाळात उघडं उभं राहिलं. आईचं माहेर त्याच जुन्या पळसदेवातलं. १९८० ला धरण पुरं झालं, त्याच्या आधीच गाव उठून वर आलं होतं. आता गुडघे असे की भेगाळलेल्या गाळातून तिला देवळापर्यंत नेणं शक्यच नव्हतं. मी जाऊन पन्नासेक फोटो काढून आणले. तिनं दहा पाहिले आणि मोबाईल परत दिला. “ह्यात काय कळंना बाबा. मी कुठं उभी हाय, तेवढं तरी कळू दे.”

म्हणून हा सगळा उद्योग. एका जागी ड्रोन हवेत थांबवायचा, चहूबाजूंचे आणि खालचे फोटो काढायचे, ते जोडून एक गोळा बनवायचा आणि पाहणाऱ्यानं बोटानं तो हवा तसा फिरवायचा. काढायला पंधरा मिनिटं लागली. जोडायला सव्वा महिना.

उडवण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं काही अडलं नाही. ड्रोन २४९ ग्रॅमचा, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं नॅनो, सगळ्यात हलक्या गटातला. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरवी दिसली, आणि हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा असते. मी ५० मीटरवरच थांबलो. तरी पोलीस ठाण्यात सांगून आलो, कारण नकाशा हिरवा असला तरी जिल्ह्यात तात्पुरती बंदी लागू असू शकते. रोहित पक्षी जवळ असतील तर मात्र ड्रोन पेटीतच ठेवा. थवा उठवून मिळालेला फोटो मला तरी बघवणार नाही.

आधी ड्रोनच्या ऑटो मोडनं गोळा करून पाहिला. देऊळ झकास आलं, पाण्याकडची बाजू मात्र ओल्या कपड्यासारखी पिळून निघाली. मग हातानं काढले. गिंबल, म्हणजे कॅमेऱ्याची फिरती मान, १५ अंश वर ठेवून ४५ अंशांच्या टप्प्यानं आठ, तसेच २० अंश खाली आठ, ५५ अंश खाली आठ आणि सरळ जमिनीकडं एक. एकूण २५. एक्सपोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) दोन्ही हातानं लॉक केलेले. हे विसरलात तर सूर्याकडचे फोटो काळपट येतात, पाठीकडचे पांढरे, आणि गोळ्यावर कलिंगडासारखे पट्टे उमटतात.

ते २५ फोटो मी पुण्यातल्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याला दिले आणि इथंच चुकलो. “दोन दिवसांत देतो” म्हणाला. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. दर सोमवारी फोन, दर सोमवारी “सर, रेंडरला लावलंय”. शेवटी फाईल आली ती पाहून हसावं की रडावं कळेना. देवळाला दोन शिखरं! एकच होडी तीन ठिकाणी! आणि पाण्याच्या बाजूला मोठा काळा घास. मी विचारलं तर म्हणाला, “तिकडं तसंही काहीच नाही ना सर, क्रॉप करून देऊ का?”

तिकडं काहीच नाही. हे वाक्य अजून डोक्यात आहे. पैसे दिले, पेन ड्राइव्ह घेतला आणि घरी येऊन फोटो जोडायचा हगिन नावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. फुकट आहे, आणि जुन्या लॅपटॉपवर कण्हत का होईना पण चालतो.

आता मुख्य अडचण. असे प्रोग्रॅम फोटो जोडतात ते शेजारच्या दोन फोटोंत एकच वस्तू ओळखून. देवळाचा कोपरा ह्या फोटोत इथं, त्या फोटोत तिथं, अशा जोड्या तो शोधतो. त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. देऊळ, बाभळी, गाळातल्या भेगा, माणसं ह्या बाजूला शेकड्यांनी जोड्या मिळाल्या. पण उत्तर, ईशान्य आणि पूर्व ह्या तीन दिशांना नुसतं पाणी. वरच्या रांगेतल्या तीन फोटोंत आभाळ आणि खाली धुरकट पाण्याची पट्टी, दुसऱ्या रांगेतल्या तिन्हींत पाणीच पाणी. पलीकडचा करमाळ्याकडचा काठ उन्हाच्या धुरळ्यात पुसून गेलेला. सहा फोटो, आणि बोट ठेवायला एक जागा नाही.

जोड्या मिळाल्या नसत्या तरी एकवेळ बरं झालं असतं. मिळाल्या, आणि खोट्या मिळाल्या. ह्या फोटोतली लाट त्या फोटोतल्या वेगळ्याच लाटेला चिकटवलेली. होडीवर तर अकरा पॉइंट, आणि होडी बिचारी दोन फोटोंच्या मधे वल्हवत पुढं गेलेली. प्रोग्रॅमला ती हलली हे कळत नाही. तो म्हणतो, होडी जागेवर आहे, जग सरकलं. मग तो जग सरकवतो, आणि देवळाला दुसरं शिखर फुटतं. स्टुडिओवाल्याच्या दोन शिखरांचं कारण मला होडीवर सापडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो.

होडीचे आणि लाटांचे सगळे पॉइंट पुसून टाकले. सरासरी चूक शंभराच्या वर पिक्सेल होती ती तीनवर आली. देवळाकडची बाजू सुईत दोरा ओवावा तशी बसली. पण ते सहा फोटो आता कशालाच बांधलेले नव्हते. सगळे फोटो आपोआप बसवायचं ‘ऑप्टिमाइझ’ बटण दाबलं की ते उडून भलतीकडं जाऊन पडायचे, एकदा तर देवळाच्या डोक्यावर. मी माऊसनं ओढून बसवायला गेलो. चार रात्री. एक बसवला की दुसऱ्याशी पाण्याची रेघ जुळायची नाही, क्षितिजाला पायरी पडायची. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, “एवढ्या वेळात धरण भरलं असतं.” जून लागला होता, तिचं फारसं चुकत नव्हतं.

उत्तर फोटोंच्या आतच होतं. ड्रोन प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याची दिशा लिहून ठेवतो. मोबाईलच्या गॅलरीत ती दिसत नाही. एक्झिफटूल नावाचा लहानसा प्रोग्रॅम आहे, त्याला फोटो दाखवला की पानभर माहिती ओततो. त्यात माझ्या ड्रोनच्या फोटोंत तीन ओळी सापडल्या: गिंबल यॉ, गिंबल पिच, गिंबल रोल. यॉ म्हणजे आडवी दिशा, पिच म्हणजे मान वर की खाली, रोल म्हणजे कलंडलेपण. ईशान्येच्या फोटोत यॉ ४४.७, पिच १५.०, रोल ०. चार रात्री मी ज्या जागेसाठी माऊस घासत होतो, ती दशांशासकट लिहून ठेवलेली!

मुलीच्या जुन्या वहीत पंचवीसही फोटोंचे आकडे उतरवले. हगिनमध्येही प्रत्येक फोटोला यॉ, पिच, रोल अशाच तीन चौकटी असतात, चिन्हंही तशीच, वर अधिक आणि खाली उणे. पंचवीसही भरले, झोकात ऑप्टिमाइझ दाबलं, आणि सहाही परत उडाले. ह्या ठिकाणी मी लॅपटॉप मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

चूक साधी होती. ऑप्टिमाइझ म्हणजे ‘सगळ्यांना पुन्हा हलवून बघ’. ज्यांना बांधायला दावं नाही त्यांना हलवायला सांगायचंच नाही. प्रत्येक फोटोचे कोणते आकडे हलवायचे हे तिथं निवडता येतं. मी देवळाकडचा एक फोटो खुंटा म्हणून पक्का ठेवला, पाण्याच्या सहा फोटोंवरची निवड काढून टाकली आणि उरलेल्या अठरांनाच हलायची मुभा दिली. होकायंत्र एखादा अंश खोटं बोलत असेल तरी सगळ्या फोटोंत सारखंच बोलतं, त्यामुळं खुंट्याचा आकडा त्याचा त्याला ठेवला की बाकीचे त्याच्या हिशोबानं बसतात. सरळ खालच्या फोटोचं यॉ मात्र धरू नका, तिथं ते फसवं असतं. त्याला जमिनीवरचे पॉइंट भरपूर मिळतात, त्याचं त्याला बसू द्या.

दाबलं. क्षितिज एका रेघेत आलं. लाटांमध्ये कुठं कुठं बारीक शिवण होती, पण पाणी आहे, पाणी हलतंच. होडी एकाच फोटोत ठेवली, बाकीच्यांतून मास्क लावून झाकली. त्या रात्री मला जो माज चढला होता तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

दुपारी कळलं की आभाळाला भोक आहे. माझ्या ड्रोनचा कॅमेरा फार तर २० अंश वर बघतो, त्याच्यावर त्याचेच पंखे. म्हणजे डोक्यावरची टोपी रिकामी राहणारच. मी शहाणपणा करून रिकामा भाग कापून टाकला, तर गोळ्यात देऊळ लांबुडकं आणि जमीन परातीसारखी. चित्र बरोबर दुप्पट रुंद असायलाच हवं, ३६० ला १८०. हगिनमध्ये क्रॉप काढून टाका, रिकामं राहिलं तर राहू द्या. मग जिंप ह्या चित्रं दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून वरचा पट्टा आभाळाच्या रंगानं भरा, वर जाताना हळूहळू एकच रंग होईल असा, कारण चित्राची सगळ्यात वरची अख्खी ओळ म्हणजे गोळ्यावरचा एकच ठिपका. तिथं जराही डाग राहिला तर डोक्यावर भोवरा दिसतो. निरभ्र दिवस होता म्हणून हे अर्ध्या तासात झालं. ढग असते तर पाण्यावरच्या त्या फोटोंना पॉइंट तरी मिळाले असते, पण मग हे भोक बुजवता बुजवता हात मोडले असते. एकाच आभाळानं एकीकडं छळलं आणि दुसरीकडं वाचवलं.

जिंपमधून सेव्ह केल्यावर माझ्याकडं फाईलमधली ‘हे गोल चित्र आहे’ ही नोंद उडाली होती. ती एक्झिफटूलनं परत घालता येते, प्रोजेक्शन टाइपपुढं इक्विरेक्टँग्युलर. ती नसेल तर गोळा ओळखणारं ॲपही त्याला साधा आडवा फोटो समजतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मी घाईत फोटो म्हणूनच टाकला. मामांचा लगेच मेसेज, “पट्टी झाली आहे, नीट पाठव.”

शेवटी ब्राउझरमध्येच गोळा फिरवून दाखवणारं पॅनेलम वापरलं. तेही फुकट. चित्र आणि एक छोटी एचटीएमएल फाईल, बस्स. दोन ठेचा लागतील. फाईलवर डबल क्लिक केलं तर बहुतेक ब्राउझर शेजारचं चित्र उचलू देत नाहीत, सुरक्षेसाठी. चित्र खराब झालंय असं वाटून मी पुन्हा जोडायला बसलो होतो. पायथन असेल तर एका ओळीत तात्पुरता सर्व्हर सुरू होतो, नाहीतर सरळ इंटरनेटवर कुठंतरी ठेवा. दुसरी ठेच आकाराची. माझं पूर्ण चित्र सतरा हजारांहून जास्त पिक्सेल रुंद होतं, लॅपटॉपवर सुरेख आणि आईच्या फोनवर काळोख. मोबाईलला एवढा मोठा तुकडा गिळवत नाही. ८१९२ ला ४०९६ केलं तर माझ्या फोनवर चाललं, आईच्या जुन्या फोनसाठी ४०९६ ला २०४८ करावं लागलं.

पॅनेलममध्ये यॉ-पिच देऊन गोळ्यावर खुणा लावता येतात. देवळावर ‘देऊळ’ लावलं. ‘वेस’ आणि ‘आड’ मामांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं लावले. आजोबांचं घर खालच्या अंगाला, नदीकडं. ती जागा मायनस पन्नासलाही उघडी पडली नव्हती. मी अंदाजानं पाण्यातच एक खूण टोचली, ‘घर’.

रविवारी इंदापूरला गेलो. आईनं फोन हातात धरला, पहिल्यांदा बोट जोरात लागलं आणि जग गरकन फिरलं तशी “आगं आई!” म्हणाली. मग हळू फिरवायला लागली. देवळापाशी थांबली. तिथून बोट न उचलता उजवीकडं गेली, बाभळींवरून, काठावरून, पाण्यात. माझ्या सहा फोटोंत. काठापासून आत कुठंतरी थांबली. मला तिथं एक लाट दुसरीसारखीच दिसत होती.

“देवळाच्या दारात उभं राह्यलं का उजव्या हाताला आमची गल्ली. तू घर लई तिकडं लावलंस. ते तर पाटलाचं शेत हाय. डावीकडं घे.”

लॅपटॉप काढला. यॉ ५२ होतं, ते ४८ केलं.

“अजून.”

४४ केलं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, पाण्याकडं बघत बसली, आणि म्हणाली, “आता आडाला बी जरा खाली घे. पाणी आणायला आम्ही उतरून जायचो.”