मानच्या डोंगरांत दान मुखवटे पाहताना

मान हे पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशाचं डोंगराळ भागातलं शहर, दान जमातीच्या मुलखातलं. देशातलं सर्वांत मोठं शहर आबिजान, तिथून मानला बसने जायला अख्खा दिवस लागतो, अंतर सहाएकशे किलोमीटर. विमानही आहे, पण बसचं तिकीट बरंच स्वस्त. निघण्याआधी आबिजानच्या प्लातो भागातलं संस्कृती संग्रहालय बघून घ्या. २०११ च्या यादवीत तिथल्या शंभरावर वस्तू लुटल्या गेल्या. २०१७ मध्ये ते पुन्हा उघडलं.

मानच्या आसपास दान लोकांना सगळे याकुबाच म्हणतात, तेव्हा चौकशी त्याच नावाने करा. फ्रेंच येत नसेल तर स्थानिक वाटाड्या घ्या. गावात शिरलं की आधी मुखियाकडे जायचं, कशासाठी आलोय ते सांगायचं, भेट द्यायची. फोटोचं वेगळं विचारायचं. काही मुखवटे बायकांनी पाहायचे नसतात, त्यावर हुज्जत घालू नका.

लाकूड कोरणाऱ्याकडे मात्र निवांत बसा. मी हातात घेतलेला देआंग्ले, म्हणजे सौम्य, बाईच्या चेहऱ्याचा मुखवटा काळा, गुळगुळीत होता: उंच कपाळ, मिटल्यागत बारीक डोळे, भरलेले ओठ. कडेला भोकांची रांग, झगा आणि राफियाच्या, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या तंतूंच्या, झिरमिळ्या बांधायला. शर्यतीच्या मुखवट्याचे डोळे मोठे आणि गोल, कारण तो घालून धावायचं असतं. उत्तरेकडच्या गवताळ भागात झाकपाई मुखवटा कोरड्या दिवसांत घरोघर फिरून दुपारचा वारा सुटण्याआधी चुली विझवायला लावायचा. शाकारलेल्या छपरांच्या गावात हे खातं किती महत्त्वाचं, ते सांगायला नको!

दानांच्या लेखी मुखवटा म्हणजे जंगलातून आलेली शक्ती. झगा, वाद्यं, तिचं बोलणं समजावून सांगणारा माणूस, सगळं मिळून ती पुरी होते. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, पाहिलेल्याला हे चटकन उमगेल. उंच काठ्यांवरचा नाच पर्यटकांसाठी ठरवून करतात. तोही बघाच, कसरत अस्सल आहे.

खरेदी करायची तर नवा मुखवटा घ्या, तोही घडवणाऱ्याकडून. बाजारातल्या ‘शंभर वर्षं जुन्या’ मालावर माझा विश्वास नाही, धूर आणि माती चोळून जुनेपण आणता येतं. आणि खरोखर जुना निघाला, तर देशाबाहेर न्यायला परवानगी लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ बरा. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. तो दाखला तिथे उतरताना लागतोच, आणि भारतात परततानाही मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवतात.