जुनी मोटोक्रॉस गाडी : बदल करावेत की विकून टाकावी?

गेले तीन महिने माझी मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत करायची गाडी, बहुतेक वेळ स्टँडवर उभी आहे आणि तिच्यामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. कागदाच्या डाव्या बाजूला गाडीत करायच्या बदलांची यादी आहे, उजव्या बाजूला प्रत्येकाचा अंदाजे खर्च आहे, आणि अगदी तळाशी, वेगळ्या पेनाने, एका रात्री वैतागून लिहिलेला एकच शब्द आहे : ‘विकू?’

गाडी २००८ सालची यामाहा वायझेड २५० एफ आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पाच व्हॉल्व्हचे फोर-स्ट्रोक इंजिन, ३७ मिलिमीटरचा कार्बोरेटर, पाच गिअर आणि सुरू करायला फक्त किक. दिवा नाही, हॉर्न नाही, बॅटरी नाही, इतकेच काय, किल्लीसुद्धा नाही. मी ती वापरलेलीच घेतली होती आणि ट्रॅकवर तिने मला जे दिले त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बदललो आहे तो मी. उड्यांची हौस फिटली, एकदा गुडघा दुखावला, आणि हळूहळू माझा सगळा वेळ ट्रॅकऐवजी जंगलातल्या अरुंद वाटांवर, दगडगोट्यांत आणि ओल्या चढांवर जाऊ लागला. तिथे ही गाडी माझ्याशी भांडते. पहिला गिअर इतका लांब पल्ल्याचा आहे की चालण्याच्या वेगाने जायचे असेल तर क्लच सतत अर्धवट दाबून ठेवावा लागतो. रेडिएटरला पंखा नसल्यामुळे दहा-पंधरा मिनिटांच्या संथ चढणीनंतर पाणी उकळून बाहेर येते. आणि नेमक्या नको त्या वळणावर इंजिन बंद पडते, मग उतारावर एक पाय जमिनीला टेकवून, दुसऱ्या पायाने किक मारत बसावे लागते.

अशा वेळी मनात पहिला विचार विकण्याचा येत नाही, बदल करण्याचा येतो, कारण एकेक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. म्हणून मी आधी सर्वांत स्वस्त आणि सहज उलटवता येणाऱ्या बदलापासून सुरुवात केली, तो म्हणजे स्प्रॉकेट, चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. माझ्या गाडीवर पुढे १३ आणि मागे ४८ दाते होते, म्हणजे गुणोत्तर ३.६९ (ते जितके जास्त, तितकी ओढ जास्त आणि वेग कमी). पुढचे स्प्रॉकेट १२ दात्यांचे बसवले की ते बरोबर ४ होते आणि मागे ५२ दाते बसवले तरी तेवढेच होते, त्यामुळे बरेच जण पुढचे लहान स्प्रॉकेट घेऊन मोकळे होतात. मी ते टाळले, कारण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टीही अधिक खाते. मागे ५२ दाते बसवून, दोन कड्यांनी लांब चेन टाकून मी दोन रविवार गाडी चालवली. पहिला गिअर खरोखरच सुधारला, क्लचवरचा हात मोकळा झाला, बंद पडणेही निम्म्यावर आले.

पण दोन वाटांना जोडणाऱ्या सपाट मोकळ्या पट्ट्यावर आलो की पाचव्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायला लागायचे. तेव्हा जी गोष्ट मला माहीत होती, पण पुरती उमजली नव्हती, ती हाताला जाणवली. स्प्रॉकेट बदलल्याने पाचही गिअर एकत्र खाली सरकतात, त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. मोटोक्रॉस गाडीचे गिअर मुद्दाम एकमेकांच्या जवळ ठेवलेले असतात, कारण ट्रॅकवर वेग फार खाली येत नाही आणि फार वरही जात नाही. जंगलासाठी बनवलेल्या एन्ड्युरो गाडीत पहिला गिअर खूप खाली, शेवटचा खूप वर आणि बहुधा मध्ये एक गिअर जास्त असतो. हे अंतर गिअरबॉक्सच्या आत ठरते आणि इंजिनाचे दोन भाग उलगडल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही.

मग मी भिंतीवरची यादी नव्याने, सावकाश वाचली. बंद पडू नये म्हणून जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवून धरणारे चाक. दगडांत रिम वाचावा आणि टायरची भिंत उंच मिळावी म्हणून मागे १९ ऐवजी १८ इंचांचा रिम, म्हणजे नवे आरे आणि नवा टायर. सात लिटरच्या जागी मोठी टाकी. रेडिएटरला पंखा, आणि पंख्याला वीज हवी म्हणून नव्याने गुंडाळलेला स्टेटर (वीज तयार करणारे तारांचे वेटोळे), कारण मूळ स्टेटर ठिणगीपुरतीच वीज तयार करतो. वीज आलीच आहे तर पुढे एक दिवा. शॉकअपच्या आतल्या तेलाचा प्रवाह ठरवणारे व्हॉल्व्हिंग मऊ. आणि हे सगळे झाल्यावरही गिअरबॉक्स ट्रॅकचाच. मी माझी गाडी सुधारण्याची यादी केली नव्हती, एका वेगळ्याच गाडीचे वर्णन लिहिले होते, आणि ती गाडी कारखान्यातून तशीच तयार होऊन बाहेर पडते.

यादीतल्या काही ओळी मी तेव्हाच खोडल्या. नवा सायलेन्सर आवाजासाठी असतो हे मनाशी प्रामाणिकपणे मान्य केले की त्याची गरज उरत नाही. ७७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८३ चा करून २५० चे २९० सीसी करण्याचा मोहही मला झाला होता, पण त्याने ताकद वाढते, उष्णता वाढते आणि गाडी २५० सीसीच्या वर्गातून बाद होते. माझ्या तीनपैकी एकाही अडचणीवर तो उपाय नव्हता.

एका बदलाबद्दल मात्र मी ठामपणे सांगेन की गाडी ठेवायची असो वा नसो, आधी त्याचे माप घ्यावे, आणि तो म्हणजे शॉकअपची स्प्रिंग. कित्येक लोक ‘ही गाडी मला जमत नाही’ म्हणून विकतात आणि खरी अडचण एवढीच असते की गाडीच्या स्प्रिंगा त्यांच्या वजनाच्या नसतात. मापायला एक टेप आणि एक मित्र पुरतो. गाडी स्टँडवर उचलून मागचे चाक अधांतरी ठेवावे आणि चाकाच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. माझे आले ६१२ मिलिमीटर. मग हेल्मेट-बुटांसह पूर्ण पोशाखात गाडीवर बसावे आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. मी प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग फिरवत फिरवत ते ५१० वर आणले, म्हणजे माझ्या वजनाने गाडी १०२ मिलिमीटर खाली बसत होती, आणि मोटोक्रॉस गाडीसाठी साधारण १०० च्या आसपासचे माप योग्य धरतात. इथपर्यंत सगळे छान दिसते आणि बरेच जण इथेच थांबतात. पण मी खाली उतरल्यावर, गाडी स्वतःच्याच वजनावर उभी असताना, अंतर ५९८ आले. म्हणजे ती स्वतःच्या वजनाने फक्त १४ मिलिमीटर बसत होती, जिथे ३० च्या आसपास बसायला हवी. याचा अर्थ स्प्रिंग माझ्यासाठी मऊ होती आणि तो मऊपणा झाकायला मी प्रीलोड पिळून ठेवला होता. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते, मलाही वाटले होते. स्प्रिंग कडक असेल असे समजून मी आणखी मऊ स्प्रिंग मागवणारच होतो.

स्प्रिंगा बदलल्यावर गाडी ट्रॅकवर सरळ आणि शहाण्यासारखी धावू लागली, आणि विकण्याचा विचार आणखी पंधरा दिवस मागे पडला. जंगलात मात्र ती तशीच भांडत राहिली, कारण भांडण स्प्रिंगांशी नव्हतेच.

आता इंजिनाकडे येतो. निर्णयाचे खरे माप तिथे होते, आणि ते मी सर्वांत शेवटी घेतले, कारण मला त्याची भीती वाटत होती. गेल्या काही आठवड्यांत थंड इंजिन सुरू व्हायला चारऐवजी बारा-पंधरा किका लागत होत्या. जाणकाराला एवढे लक्षण पुरते. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे तीन इनटेक व्हॉल्व्ह आहेत, टायटॅनियमचे, आणि त्यांच्या पृष्ठभागावर एक पातळ कठीण थर असतो. त्या थराला बारीक धूळ लागली की तो झिजतो, आतला धातू मऊ असल्यामुळे व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये (तो जिथे टेकून बसतो त्या कड्यात) वर सरकतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम व व्हॉल्व्ह यांच्यातली फट कमी होत जाते. ती फट थंड इंजिनावर ०.१० ते ०.१५ मिलिमीटर असायला हवी. टाकी काढली, कव्हर काढले, फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पाने पुसून घेतली आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या फटीत ०.१० चे पान सरकवून पाहिले. ते गेले, किंचित ओढ घेत. मधल्या व्हॉल्व्हच्या फटीत गेले नाही. ०.०८ चेही गेले नाही. ०.०६ चे गेले. तिसऱ्याच्या फटीत ०.०८ चे गेले.

दोष गाडीचा नव्हता. मागच्या हंगामात मी फोमचा एअर फिल्टर धुण्याचा दोनदा कंटाळा केला होता, आणि फिल्टरमागच्या रबरी नळीच्या आत बोट फिरवल्यावर बोटाला जी पिठासारखी धूळ लागली, ती माझ्याच आळसाची होती. जुनी गाडी घेणाऱ्याने हे बोट जरूर फिरवावे. कॉम्प्रेशन तपासण्याचा आग्रह मात्र फार धरू नये, कारण किक सोपी व्हावी म्हणून या इंजिनांच्या कॅमवर आपोआप दाब सोडणारी यंत्रणा असते आणि तिच्यामुळे तो आकडा फसवतो. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणारी लीकडाउन चाचणी अधिक खरे सांगते.

पातळ शिम, म्हणजे फट ठरवणारी धातूची चकती, टाकून मी दोन्ही फटी पुन्हा ०.१२ वर आणल्या, आकडे वहीत लिहिले आणि सहा तास गाडी चालवून पुन्हा मोजले. तिसरा व्हॉल्व्ह जागेवर होता. मधला ०.०८ वर आला होता. एकदा शिम बदलून थांबला तर व्हॉल्व्हला आयुष्य आहे. सहा तासांत पुन्हा सरकला तर तो संपला, आणि त्याला आणखी पातळ शिम टाकून गाडी विकणे याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात.

म्हणजे ठेवा किंवा विका, हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडणे आलेच. आणि इथे मी एक गोष्ट मुद्दाम क्रमाने केली. हेड उघडण्याआधी निर्णय घेतला, कारण इंजिन नवे झाल्यावर कोणालाही गाडी विकवत नाही. एवढा खर्च केला आहे, आता थोडी चालवू या, असे म्हणत माणूस पुढचे दोन हंगाम नको असलेल्या गाडीवर काढतो, आणि तोवर पिस्टन पुन्हा बदलायला आलेला असतो. या गाड्यांचे आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे तर तासांमध्ये मोजतात. इतक्या जुन्या गाडीची किंमत कॅलेंडरप्रमाणे फारशी घसरत नाही, ती शेवटच्या कामापासून किती तास झाले त्याप्रमाणे घसरते.

म्हणून तळच्या त्या शब्दापुढचे प्रश्नचिन्ह मी खोडले आणि मगच पाना हातात घेतला. तीन नवे इनटेक व्हॉल्व्ह, सीट नव्याने कापून घेतल्या, पिस्टन आणि रिंग, टाइमिंग चेन. व्हॉल्व्ह स्टीलचे घालावेत असे एका मित्राने सुचवले होते आणि त्यात तथ्य आहे, ते जास्त टिकतात. पण ते जड असतात, त्यांच्याबरोबर कडक स्प्रिंगा घालाव्याच लागतात, आणि विकायच्या गाडीत मूळ प्रकारचाच भाग असणे मला सरळ वाटले. हा सगळा खर्च किमतीत भरून निघणार नाही, याची मला कल्पना आहे. पण पंधरा किकांनी सुरू होणारी गाडी पाहायला येणारा माणूस मनात व्हॉल्व्हचा खर्च धरत नाही, तो क्रँकपासून सगळ्याच इंजिनाचा खर्च धरतो आणि तेवढी किंमत पाडून मागतो.

स्प्रिंगा सोडून बाकी सगळे मी मूळ स्थितीत नेले. ४८ दात्यांचे जुने स्प्रॉकेट फारसे झिजले नव्हते, ते जुन्या चेनसह परत चढवले. स्टिकर काढले. मूळ स्प्रिंगा डब्यात ठेवल्या आहेत, कारण नवा मालक माझ्यापेक्षा हलका निघाला तर त्याला त्याच लागतील. ५२ चे स्प्रॉकेट वेगळे देणार आहे, गाडीवर चढवून दिले तर त्याचे दमडीही मिळत नाहीत. बदललेल्या गाडीला गिऱ्हाईक का कचरते हे मला यावेळी कळले : बदल चांगला आहे की वाईट हा प्रश्न पुढचा, आधीच्या माणसाने इंजिनाच्या आत काय केले असेल याची शंका आधी येते.

वही गाडीबरोबर जाणार आहे, त्यात ०.०६ ही नोंदही आहे. ती खोडावी असे एकदा वाटले होते.

उद्या सकाळी एक जण पाहायला येतो आहे. फोनवर त्याने किमतीत घासाघीस केली नाही, रंगाचे विचारले नाही, फोटोही मागितले नाहीत. एवढेच म्हणाला, ‘मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, मला ते थंड पाहायचे आहे.’ मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला आणि गॅरेजचा दिवा मालवला.